लग दाबणे म्हणजे नुसती मूठ आवळणे नव्हे

मालेगावच्या एका यंत्रमाग शेडमध्ये एकाच साच्याची मोटर चार महिन्यांत तीन वेळा जळाली. मालकाने पहिल्या वेळी व्होल्टेजला दोष दिला, दुसऱ्या वेळी रिवाइंडिंग करणाऱ्याला बोल लावला आणि तिसऱ्या वेळी त्याची मजुरीच अडवून धरली. 'तांबे हलके घातलेस' हा आरोप चारचौघांत झाला. रिवाइंडिंगवाले चाचा हिशेबाला चोख, वयाने वडीलधारे. त्यांनी वाद घातला नाही. मेन स्विच खाली ओढायला लावला, टेस्टरने खात्री केली आणि म्हणाले, "मोटर राहू द्या, आधी स्टार्टर उघडा." स्टार्टरमधून मोटरकडे तीन वायरी जात होत्या. त्यांतल्या मधल्या वायरीचा लग चाचांनी दोन बोटांत धरून हलकेच ओढला, तर वायर सरळ निसटून हातात आली. लगची निळी प्लास्टिकची टोपी तपकिरी झाली होती, आतले तांबे काळे पडले होते आणि लगच्या पाठीवर साध्या पक्कडीच्या दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

मोटर का जळत होती, हे यावरून उलगडले. तीन फेजवर फिरणाऱ्या मोटरची एक फेज चालता चालता तुटली, तरी मोटर लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर रडतखडत फिरत राहते. काम तेवढेच असते, म्हणून त्या दोन वायरींतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह ओढला जातो. एवढ्याने फ्यूज उडेलच असे नाही. ओव्हरलोड रिले बरोबर लावलेला असेल तर तो वाचवतो. पण कित्येक शेडमध्ये 'सारखा ट्रिप होतो' म्हणून रिलेचा काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेला असतो. मग वाइंडिंग तापते, वार्निशचा वास येतो आणि मोटर पुन्हा चाचांच्या दुकानात येते. साचा बंद राहिला की विणकराची मजुरी बुडते. हे सगळे एका लगपायी, आणि तो लग बाजारात चिल्लर पैशांत मिळतो.

ज्या पोराने तो लग दाबला होता, त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हाती पक्कड होती, समोर चाळीस लग होते आणि शिकवणाऱ्याने 'जोरात दाब' यापलीकडे काही सांगितले नव्हते. मालेगाव असो, भिवंडी असो, कुर्ला-मुंब्रा असो, आपल्या समाजातील कितीतरी तरुण याच कामावर घर चालवतात. मोटर रिवाइंडिंग, कंट्रोल पॅनल, रिक्षाची वायरिंग, एसी दुरुस्ती, आणि आता छतावरचे सोलर. यातल्या प्रत्येक कामात दिवसाकाठी शंभर-दोनशे लग दाबले जातात. पण लग दाबायचा कसा, हे उस्तादाकडून शागिर्दाकडे नीटपणे जात नाही. म्हणून आज त्याबद्दलच थोडे सविस्तर.

लगच्या आत काय घडते?

आपल्याकडे लगला कोणी थिंबल म्हणतो, कोणी टर्मिनल. बोल्टखाली बसणारा गोल तो रिंग लग, स्क्रू पूर्ण न काढता सरकवता येणारा तो फोर्क किंवा यू लग, कनेक्टरच्या भोकात जाणारा तो पिन लग. आकार कोणताही असो, मागे एक छोटी नळी असते. त्या नळीत वायरचे उघडे तांबे घालून ती दाबायची, म्हणजेच क्रिंप करायची. दाबताना नळीचे धातू आणि वायरीच्या तारा दोन्ही आपला आकार बदलतात. तारांमधली गोल फट नाहीशी होते आणि गोल तारा मधमाशीच्या पोळ्यासारख्या कोनदार होऊन एकमेकींना चिकटून बसतात. दाब पुरेसा असेल तर आत हवा शिरायला जागाच राहत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही, आणि गंज नाही म्हणजे जोड वर्षानुवर्षे थंड राहतो. या जोडाला उष्णता लागत नाही, कथिल लागत नाही, फ्लक्सही लागत नाही. सगळी करामत दाबाची.

ही पद्धत फैलावली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1941 साली अमेरिकेत एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, पुढे ती एएमपी या नावाने जगभर ओळखली गेली. विमाने आणि जहाजे यांच्यात हजारो जोड असतात, आणि प्रत्येक जोड कावियाने डाग देऊन करायचा तर वेळ लागतो व प्रत्येक कारागिराचा हात वेगळा पडतो. दाबून केलेला जोड मात्र हत्यार बरोबर असेल तर दर वेळी सारखाच होतो. शिवाय थरथरणाऱ्या यंत्रात डाग दिलेली वायर कडक होऊन कडेला तुटते, दाबलेली वायर त्या मानाने टिकते. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसरात्र काय थरथर असते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता दाब कमी पडला तर काय होते? तारांमध्ये फटी राहतात, प्रवाह मोजक्या ठिकाणांहून जातो आणि त्या ठिकाणी रोध वाढतो. चांगल्या जोडाचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो बिघडून ओहमच्या विसाव्या भागाएवढा झाला आणि त्यातून 15 अँपिअर प्रवाह गेला, तर तिथे सव्वा अकरा वॅट उष्णता निर्माण होते. पूर्वी घरोघरी असणारा 'झिरोचा बल्ब' प्रत्यक्षात साधारण 15 वॅट खात असे. जवळपास त्या बल्बाएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडलेली राहते असे समजा. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असते. तापला की जोड सैल होतो, सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. भोवती कापसाचे तंतू साचलेले असतील, तर पुढचे चित्र डोळ्यांसमोर आणायची गरज नाही.

दाब जास्त झाला तरीही नुकसानच. नळीचे धातू पातळ होऊन चिरते, कडेच्या तारा कापल्या जातात. जोड दिसायला घट्ट दिसतो, पण थरथरीने थोड्या दिवसांत वायर तिथेच तुटते. 'जितका जोर तितका चांगला' हा समज म्हणून खोटा आहे.

रॅचेट काय करते आणि काय करत नाही

साध्या पक्कडीत किती दाबायचे हे मूठ ठरवते. सकाळी ताज्या दमाचा हात आणि संध्याकाळी दीडशे लग दाबून थकलेला हात, यांचा दाब सारखा कसा असेल? रॅचेट क्रिंपिंग टूलमध्ये दोन दांड्यांच्या मध्ये दातांची पट्टी आणि खटका असतो. एकदा दाबायला सुरुवात केली की टूल कर्रकर्र आवाज करीत पुढेच जाते, मागे येत नाही. डाय पूर्ण मिटल्यावरच खटका सुटतो आणि दांड्या आपोआप उघडतात. म्हणजे उस्तादाचा लग आणि कालच कामाला लागलेल्या पोराचा लग, दोघांवर दाब एकच. कारखानदाराच्या दृष्टीने पैसे आहेत ते या एका गुणाचे.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रॅचेट फक्त दाब पूर्ण झाला की नाही एवढेच पाहते. तुम्ही लग चुकीचा घेतला, वायर बारीक घातली, डाय दुसरीच निवडली, तरीही ते तितक्याच इमानाने पूर्ण दाबून 'झाले' म्हणून उघडते. बाजारात महागडे टूल घेऊनही तक्रारी येतात, त्या बहुधा यामुळेच.

टूलच्या तोंडात जी डाय बसते तिचे प्रकार आहेत आणि ते एकमेकांच्या बदली चालत नाहीत. प्लास्टिकची रंगीत टोपी असलेल्या लगसाठी लंबगोल डाय, तिच्यावर लाल, निळा, पिवळा असे ठिपके. उघड्या तांब्याच्या लगसाठी मध्ये खड्डा पाडणारी डाय. रिक्षा-मोटारीत लागणाऱ्या, दोन पाकळ्या वर असलेल्या उघड्या टर्मिनलसाठी पाकळ्या आत वळवणारी डाय. पॅनलमध्ये वायरीच्या टोकाला घालायच्या बारीक फेरूलसाठी चौकोनी किंवा दातेरी डाय. मोठ्या केबलच्या लगसाठी षट्कोनी डाय, तिथे मात्र हाताचे लहान टूल पुरत नाही, लांब दांड्यांचे किंवा हायड्रॉलिक टूल लागते. रंगीत टोपीचा लग खड्डा पाडणाऱ्या डायमध्ये दाबला तर टोपी फाटते, आणि उघडा लग लंबगोल डायमध्ये दाबला तर सैल राहतो. या दोन चुका मी सर्वांत जास्त पाहतो.

रंगांचा घोटाळा

टोपीच्या लगचे रंग सर्वत्र सारखे आहेत. लाल लग साधारण 0.5 ते 1.5 चौरस मिलिमीटर वायरीसाठी, निळा 1.5 ते 2.5 साठी आणि पिवळा 4 ते 6 साठी. आपले कारागीर याला 'दीड एमएम', 'अडीच एमएम' म्हणतात, त्याचा अर्थ चौरस मिलिमीटरच, वायरीची जाडी नव्हे. जुने वायरमन अजून तीन-वीस, सात-वीस अशी भाषा बोलतात. त्यांच्याकडून काम शिकणाऱ्याने नवे माप विचारून घ्यावे.

घोटाळा होतो तो फेरूलमध्ये. पॅनलच्या कामात चालणाऱ्या जर्मन पद्धतीच्या फेरूलवर रंगांचा हिशेब निराळा आहे. तिथे लाल म्हणजे 1 चौरस मिलिमीटर, काळा म्हणजे 1.5, निळा म्हणजे 2.5, पिवळा म्हणजे 6. करडा रंग तर 0.75 लाही आहे आणि 4 लाही, फक्त आकारावरून ओळखायचा. शिवाय बाजारात दुसऱ्या रंगपद्धतीचे फेरूलही येतात. म्हणून फेरूल घेताना रंग सांगू नये, माप सांगावे. दीडच्या वायरीवर 'लाल पाहिजे' म्हणून पोराला दुकानात पाठवले आणि त्याने फेरूलचे लाल पाकीट आणले, तर दीडची वायर त्यात जाणार नाही. मग काही बहाद्दर चार-पाच तारा कापून ती 'बसवतात'.

तारा कापण्याचा हिशेब सोपा आहे. अडीचच्या घरगुती वायरीत बहुधा 0.3 मिलिमीटरच्या 36 तारा असतात. ब्लेडने आवरण काढताना सहा तारा तुटल्या, म्हणजे त्या ठिकाणी वायरीचा सहावा हिस्सा गेला. ग्राहकाने पैसे अडीचच्या वायरीचे दिले आणि जोडापाशी त्याला मिळाली सुमारे दोनची. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनमध्ये अल-मुतफ्फिफीन नावाची स्वतंत्र सूरह आहे, हे आपण जाणतोच. तराजू फक्त किराण्याच्या दुकानात असतो असे थोडेच आहे!

हाताने करायचे काम

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत आधी लाइन बंद करावी आणि टेस्टरने खात्री करावी. टूलच्या दांड्यांवर प्लास्टिक असते ते हाताला आराम म्हणून. दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्टचा आकडा असल्याखेरीज ते चालू लाइनवर वापरण्याचे हत्यार नव्हे.

आवरण काढण्यासाठी स्ट्रिपरच घ्यावा. दातांनी आवरण ओढणारे महाभाग अजूनही आहेत, त्यांच्या दातांची आणि तारांची दोघांचीही दया येते. किती आवरण काढायचे हे लगच सांगतो. लगची धातूची नळी जेवढी लांब, त्याहून साधारण एक मिलिमीटर जास्त तांबे उघडे करावे. घातल्यावर ते टोक नळीच्या पुढे किंचित बाहेर डोकावले पाहिजे आणि मागे आवरण नळीच्या तोंडाशी येऊन थांबले पाहिजे. आवरण नळीच्या आत शिरले तर तुम्ही तांब्याऐवजी प्लास्टिक दाबता. ते आज घट्ट वाटते, पण पीव्हीसी दाबाखाली हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत जोड सैल होतो. मालेगावच्या त्या लगमध्ये नेमके हेच झाले होते, शिवाय दाबही अर्धाच होता. उलट आवरण जास्त काढले तर टोपीच्या मागे उघडे तांबे दिसते आणि शेजारच्या वायरीशी शॉर्ट होण्याची वाट पाहत बसते.

तारांना पीळ असतोच, तेवढाच राहू द्यावा. बोटांनी दोरीसारखा पीळ घातला की तारा एकमेकींवर चढतात आणि नळीत सारख्या बसत नाहीत. टोकाला कथिल लावून मग लग दाबण्याची सवय तर पूर्ण सोडावी. कथिल मऊ धातू आहे, दाबाखाली वाहत जाते, आणि आज कसलेला स्क्रू सहा महिन्यांनी सैल मिळतो. दाबल्यावर वरून डाग देणेही नको. कथिल तारांमधून आवरणाखाली चढते, वायर तेथे काडीसारखी कडक होते आणि थरथरीने कडक-मऊ सीमेवर तुटते. 'दुहेरी मजबुती' म्हणून ग्राहकाला सांगणारे कारागीर त्याला दुहेरी दुखणे देतात. एकाच जाड तारेची वायर असेल तर हे टोपीचे लग त्यासाठी नाहीत, ते अनेक तारांच्या वायरीसाठी आहेत. आणि एका लगमध्ये दोन वायरी कोंबू नयेत. दोन वायरींचे फेरूल वेगळे मिळते, ते आणावे.

लग आधी टूलमध्ये ठेवावा. रंगाचा ठिपका जुळवून एक-दोन खटके हलकेच दाबावे, म्हणजे लग डायमध्ये धरला जातो आणि दुसरा हात वायरीसाठी मोकळा होतो. टोपीच्या लगची डाय दोन्ही बाजूंनी सारखी नसते. एक बाजू घट्ट, ती तांब्यावरच्या नळीसाठी. दुसरी बाजू थोडी मोकळी, ती आवरण धरण्यासाठी. लग उलटा ठेवला तर आवरण चिरडते आणि तांबे सैल राहते. नवीन टूल आणल्यावर कोणती बाजू कुठे, हे पाहून बाजूला तेलरंगाचा एक ठिपका द्यावा. उघड्या लगमध्ये नळीला लांबीभर सांधा असतो, खड्डा त्या सांध्याच्या विरुद्ध बाजूला पडला पाहिजे. सांध्यावरच दाबले तर तो उघडतो आणि तारा बाहेर डोकावतात. दाब नळीच्या मधोमध असावा. कडेवर दाबले तर नळीची धार तारांत रुतते.

वायर पूर्ण आत गेली, एकही तार बाहेर राहिली नाही, हे पाहून एका दमात दाबावे, खटका सुटेपर्यंत. मध्येच लक्षात आले की लग सरकला, तर ओढाताण करू नये. दांड्यांच्या मध्ये किंवा सांध्याजवळ एक छोटा सोडवण्याचा खटका असतो, तो दाबला की टूल उघडते. नवीन पोरांना हा खटका माहीत नसतो. टूल अडकले म्हणून ते हातोडीने ठोकतात आणि दात मोडतात. सोडवलेला लग मात्र कापून फेकावा. अर्धवट दाबलेल्या लगवर दुसऱ्यांदा दाब देऊन तो सुधारत नाही. लग वाचवायला जाऊन मोटर घालवू नये.

खात्री कशी करावी

प्रत्येक लग दाबल्यावर हाताने एक ओढ द्यावी, हे तर झालेच. पण हाताच्या ओढीने फक्त अगदीच वाईट लग उघडे पडतात. नवे टूल आणले, लगची कंपनी बदलली किंवा महिना उलटला की नमुन्याचे दोन-तीन लग दाबून त्यांना वजन टांगून पाहावे. आंतरराष्ट्रीय मानकात दीडच्या वायरीचा जोड किमान 150 न्यूटन ओढ सोसावा असे आहे, म्हणजे साधारण 15 किलो. अडीचसाठी 230 न्यूटन, म्हणजे 23 किलोच्या आसपास. चारसाठी 310 आणि सहासाठी 360 न्यूटन. प्रयोगशाळा नसली तरी छताला हूक आणि पाण्याची बादली कुठेही असते. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो. लग हुकाला अडकवावा, वायरीला बादली बांधून हळूच सोडावी. एक काळजी घ्यावी, नमुन्याच्या वायरीचे आवरण जास्त काढावे, म्हणजे टोपीने आवरणाला धरल्याचा फायदा मिळणार नाही आणि परीक्षा फक्त तांब्याची होईल. वायर निसटून आली तर दाब कमी आहे, लगच्या तोंडाशी तुटून आली तर जास्त.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. दाबलेला लग मधोमध बारीक आरीने कापावा, तोंड कानस आणि पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करावे आणि भिंगातून पाहावे. तारा गोल आणि सुट्या दिसल्या, मध्ये काळ्या फटी दिसल्या, तर काम कच्चे. तारा कोनदार होऊन एकजीव दिसल्या तर उत्तम. नव्या पोराला हे एकदा दाखवले की तास-दीड तासाचे व्याख्यान वाचते.

दाब कमी-जास्त आढळला तर टूलवर एक छोटे दातेरी चाक असते, त्याचा स्क्रू सैल करून ते अधिक किंवा उणे बाजूला एक-एक दात फिरवता येते. एका वेळी एकच दात, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बादली. मात्र हे चाक टूलची झीज भरून काढण्यासाठी आहे. बाजारातला पातळ नळीचा स्वस्त लग घट्ट बसावा म्हणून चाक फिरवणाऱ्याचे पुढचे सगळे चांगले लग चिरतात.

स्वस्त लगबद्दल एवढेच सांगतो. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर एकाच रंगाच्या पाकिटांचे भाव कमालीचे वेगवेगळे निघतात. फरक तांब्याच्या जाडीत असतो. दोन पाकिटांतले शंभर-शंभर लग काट्यावर ठेवले की कोणते खरे ते कळते. डॉवेल्ससारखी जुनी भारतीय नावे बाजारात आहेत, त्यांच्या कॅटलॉगमध्ये कोणत्या लगला कोणती डाय हे छापलेले असते. तो कागद दुकानदाराकडून मागून घ्यावा आणि भिंतीवर लावावा. टूल एका घराचे आणि लग दुसऱ्या घराचा असेल तर आधी बादलीची परीक्षा, मग काम.

अॅल्युमिनियमच्या केबलचे प्रकरण वेगळे आहे. तिच्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो, त्यामुळे आधी घासणे आणि खास पेस्ट लावणे भाग असते. तिला तांब्याचा लग चालत नाही. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडायची असेल तर दोन धातूंचा लग लागतो.

छतावरच्या सोलरबद्दल मात्र जरा थांबून बोलावे लागेल, कारण फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून आपले बरेच तरुण या कामात शिरले आहेत. पॅनलच्या वायरीला जे एमसी-4 कनेक्टर लागतात, त्यांच्या आतल्या पिनेसाठी डाय स्वतंत्र असते. लग दाबण्याच्या लाल-निळ्या डायमध्ये ती पिन दाबणे म्हणजे छतावर ठिणगी पेरून ठेवणे. घरातल्या एसी प्रवाहात ठिणगी पडली तर प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ती विझण्याची संधी असते. सोलरचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही, एकदा ठिणगी धरली की ती जळत राहते. ऊन असेपर्यंत पॅनल बंदही करता येत नाही. म्हणून या कामाचे टूल, डाय आणि कनेक्टर एकमेकांशी जुळणारेच असावेत. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडूही नयेत.

आखातात जाणाऱ्यांनाही हे शिकून घेण्यात फायदा आहे. मुंबईच्या ट्रेड टेस्टमध्ये उमेदवाराला स्टार-डेल्टा स्टार्टरची वायरिंग करायला देतात. परीक्षक मोटर फिरली की नाही हे तर पाहतोच, पण सराईत परीक्षक आधी वायरीची टोके पाहतो. टोके पाहिली की त्याला हातही कळतो आणि उस्तादही कळतो.

रॅचेट टूल साध्या पक्कडीपेक्षा बरेच महाग आहे, ही गोष्ट खरी. ज्याचे महिन्याला वीस लग दाबून होतात त्याने ते शेजारच्या दुकानदाराबरोबर भागीत घेतले तरी चालेल. ज्याच्या हाताखाली दोन पोरे आहेत त्याला मात्र ते परवडत नाही असे मी मानणार नाही. मिटवून कोरड्या डब्यात ठेवावे, सांध्याच्या पिनांना अधूनमधून पातळ तेलाचा थेंब द्यावा, डायला तेल लावू नये. आणि त्याने खिळे उपटू नयेत, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते.

त्या शेडची गोष्ट अर्धी राहिली. चाचांनी मालकाला एवढेच म्हटले की, येत्या शुक्रवारी साचे बंद असतील, तेव्हा बाकीच्या स्टार्टरचे लगही ओढून पाहू. जुम्याच्या नमाजनंतर दोघे-तिघे बसले. चोवीस साच्यांपैकी सात साच्यांत एक तरी लग हातात आला. ते सगळे कापून नवे दाबले, रिलेचे काटे मोटरच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणे खाली आणले. ज्या पोराने पूर्वी लग दाबले होते, त्यालाच चाचांनी टूल हातात दिले आणि पहिले पाच लग आरीने कापायला लावून भिंगातून दाखवले. मालकाने अडवलेली मजुरी त्याच संध्याकाळी दिली. चाचांनी तिसऱ्या रिवाइंडिंगचे पैसे मोजून घेतले. वर दोन नव्या लगांचे पैसे मात्र घेतले नाहीत.